डिस्क १००%

जुना लॅपटॉप मोडीत काढायला निघाला असाल तर थांबा! आधी माझं ऐका, मग काय ते ठरवा. सध्या मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. भिशीत सांगून झालं, डॉक्टरांकडे नंबर लावून शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना सांगून झालं, राजेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत पुढच्या काकांच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग दिसली तर त्यांनाही सोडलं नाही. सासूबाई म्हणतात, "हिले आता देवानंच आवरावं." पण राहवत नाही हो! ज्या यंत्राला मी रोज सकाळी उठून शिव्या घालायचे, ते आता बटण दाबल्यावर पंधरा-सोळा सेकंदांत हजर असतं. पूर्वी याच कामाला साडेतीन-चार मिनिटं जायची, आणि पडदा दिसला तरी पुढे बराच वेळ कशालाही हात लावायची सोय नसायची. प्रोसेसर तोच, रॅम तीच, कीबोर्डवरचं पुसलेलं 'ए' अक्षरही तेच. बदलली ती फक्त तळहातात मावणारी, सात मिलिमीटर जाडीची एक डबी. एसएसडी!

माझं काम घरूनच चालतं, अकोल्यातल्या जठारपेठेत. डीटीपी. लग्नपत्रिका, बारसं, वास्तुशांती, तेरवी, शाळेच्या गॅदरिंगची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, आणि निवडणूक लागली की उमेदवारांची पत्रकं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे खरी घाई सुरू होते. मुलाकडचे एक आणि मुलीकडचे एक असे दोन काका शेजारी येऊन बसतात, 'आपले विनीत'मध्ये कोणाचं नाव आधी यावं यावरून त्यांची घासाघीस चालते, आणि माझ्या पडद्यावर ते निळं गोल कडं फिरत राहतं. फिरतच राहतं. एकदा एक काका शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा कम्प्युटर जेवाले गेला वाट्टे." काय उत्तर देणार?

लॅपटॉप २०१६ मध्ये घेतलेला. पाचव्या पिढीचा आय-थ्री, दोन गिगाहर्ट्झचा, ४ जीबी रॅम, डीव्हीडी रायटर, आणि १ टीबीची हार्ड डिस्क. 'वन टीबी' हे शब्द तेव्हा दुकानदाराने असे उच्चारले होते की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. गेली काही वर्षं मात्र ज्याला-त्याला विचारत होते आणि जो-तो एकच औषध सांगत होता: फॉर्मॅट मारा. अकोल्यात कम्प्युटरला काहीही झालं तरी फॉर्मॅट मारतात. मारला की आठ दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच कडं. कोणी व्हायरस म्हणायचं, कोणी रॅम वाढवा म्हणायचं. बहुतेकांचं मत, दहा वर्षं झाली, आता नवा घ्या.

डाबकी रोडकडचा एक पोरगा प्रिंटर दुरुस्तीला येतो. त्या दिवशी प्रिंटर बाजूला राहिला. त्याने लॅपटॉपवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं, टास्क मॅनेजर उघडला आणि बोट ठेवलं. तुम्हीही आत्ता उठून हे करून पाहा! प्रोसेसर: ७ टक्के. मेमरी: साठच्या आसपास. आणि डिस्क: लालभडक १०० टक्के. त्याहून गंमत म्हणजे त्या शंभर टक्क्यांच्या खाली वेग लिहिलेला होता, सेकंदाला जेमतेम एक एमबी. म्हणजे डिस्क जिवाच्या आकांताने राबते आहे आणि तिच्या हातून काम होतंय एक एमबीचं!

"ताई, लॅपटॉप काई म्हातारा नाई झाला," पोरगा म्हणाला. "त्याचं डोकं ठीक आहे. त्याले नुसती वाट पाहा लागते."

ते ऐकलं आणि माझं काम राहिलं बाजूला. रात्री जागून वाचत बसले, आणि जे कळलं त्याने मी थक्क झाले. हार्ड डिस्क म्हणजे आत खरोखरची फिरती तबकडी! लॅपटॉपमधली बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावरून एक बारीक दांडा पुढे-मागे सरकतो, त्याच्या टोकाला वाचणारं डोकं असतं, आणि ते तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. एक फाइल हवी असेल तर दांड्याने आधी योग्य वर्तुळावर जायचं, मग हवा तो भाग फिरून डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं. सरकायला साधारण १२ मिलिसेकंद, फेऱ्याची सरासरी वाट साडेपाच. असे सतरा-साडेसतरा मिलिसेकंद एका तुकड्यासाठी गेले. म्हणजे सेकंदाला साठेक तुकडे, बस! आपल्याला सतरा मिलिसेकंद काहीच वाटत नाहीत. पण माझ्या दोन गिगाहर्ट्झच्या गरीब प्रोसेसरचे तेवढ्यात साडेतीन कोटींच्या घरात ठोके पडून गेलेले असतात. साडेतीन कोटी! प्रत्येक तुकड्यामागे! दहा वर्षं मी ज्याला मंद, ढिला, मठ्ठ म्हणत होते तो बिचारा रिकामा बसून होता.

किराणा दुकानात हजार नगांची यादी द्यावी आणि गोदामातल्या पोराने दर खेपेला एकच पुडी आणावी, तसा हा कारभार. तांदळाचं अख्खं पोतं एकदम उचलायचं असेल तर तो पोरगाही चटकन आणून देतो. म्हणून एखादा मोठा सिनेमा कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते. पण विंडोज सुरू होताना पोतं नसतंच, हजारो पुड्या असतात.

आणि आमच्या धंद्यात तर पुड्याच पुड्या! मराठी डीटीपीवाल्यांकडे किती फॉन्ट असतात याची बाहेरच्यांना कल्पना येणार नाही. श्रीलिपीचे आहेत, सीडॅकच्या आयएसएमचे आहेत, कोणाकोणाकडून आलेले आहेत, युनिकोडचे वेगळेच. शेकडो छोट्या-छोट्या फाइली, एकेक काही दहा-वीस केबींपासून काहीशे केबींची. कोरलड्रॉ उघडताना या सगळ्या फॉन्टची हजेरी घेतं, आणि माझी तबकडी त्या हजेरीत दमून जायची. मी समजत होते कोरलच जड आहे.

यातला सगळ्यात भन्नाट भाग पुढेच आहे. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली, रॅमॅक या यंत्राबरोबर. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, टनभर वजन, आणि मावायची सुमारे पन्नास लाख अक्षरं, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेचार एमबी. मोबाइलवर आलेला एक फोटो कसाबसा बसेल. त्या तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घ्यायच्या. माझी २०१६ ची डिस्क किती घेते? ५,४००. साठ वर्षांत जागा अडीच लाख पटींहून जास्त वाढली आणि फिरण्याचा वेग वाढला साडेचार पट! फिरती वस्तू शेवटी किती वेगाने गरगरणार? प्रोसेसर दर दोन वर्षांनी पुढे पळत होते, तबकडी मागे राहिली होती, आणि आपण मात्र नवनवे प्रोसेसर विकत घेत होतो.

मग एसएसडीत काय आहे? फिरणारं काहीच नाही. पोराच्या दुकानात एक बिघडलेली पडली होती, ती त्याने पेचकस घालून उघडून दाखवली. आत पाहते तर डबी निम्म्याहून जास्त रिकामी! कोपऱ्यात एक हिरवी पट्टी, तिच्यावर बोटाच्या पेराएवढ्या काळ्या चिपा. त्यांतली एक कंट्रोलर, म्हणजे कारभारी, बाकीच्या साठवणीच्या. डबीचा आकार केवळ जुन्या डिस्कच्या जागी नीट बसावी म्हणून राखलेला. जुनी डिस्क हातात घेतली की वजन जाणवतं; ही घेतली तर पुन्हा खाली पाहावंसं वाटतं, आत काही आहे ना?

आहे, आणि काय आहे! प्रत्येक चिपेत अब्जावधी सूक्ष्म कप्पे, प्रत्येकाभोवती विजेला अडवणारं वेष्टण, आणि त्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन. किती कोंडले त्यावरून शून्य की एक ते ठरतं. वीज गेली तरी ते कोंडलेलेच राहतात. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी हे फ्लॅश तंत्र १९८४ मध्ये जगापुढे मांडलं आणि १९८७ मध्ये त्याचा नँड हा प्रकार आणला. आपल्या पेन ड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे हाच आहे. १९९१ मध्ये सनडिस्क कंपनीने २० एमबीची एसएसडी आयबीएमला विकली, किंमत हजार डॉलरच्या आसपास. हीच पुढे सॅनडिस्क झाली, आणि तिच्या तीन संस्थापकांपैकी एक आपल्या कानपूरचे संजय मेहरोत्रा, जे आज मायक्रॉनचे प्रमुख आहेत. नंतर जागा पुरेना तेव्हा कप्पे मजल्यांवर मजले चढवून रचायला सुरुवात झाली. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांपासून सुरू केलं, आता दोनशेच्या वर गेलेत. नखाएवढ्या जागेत दोनशे मजले!

या कप्प्यांपर्यंत पोहोचायला कशालाच सरकावं लागत नाही. सतरा मिलिसेकंदांचं काम एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'सेकंदाला ५०० एमबीहून जास्त'. ते खरंच असतं, पण माझ्या मते तो आकडा उगाच मिरवतात. पाच पट वेगाने एवढा फरक पडला नसता. खरा चमत्कार हा दीडशे पटींचा आहे, आणि तो खोक्यावर कोणी ठळक छापत नाही.

लगेच पुढचा प्रश्न: एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी का, ती म्हणे सेकंदाला ३,५०० एमबी देते? माझ्या लॅपटॉपला तिची खाचच नाही, त्यामुळे वाद मिटला. पण ज्यांच्याकडे खाच आहे त्यांनीही माझ्यासारख्या साध्या साटा प्रकारच्या एसएसडीला नाक मुरडू नये. तबकडीवरून साटावर आलात की दुनिया बदलते. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर चालू व्हायला दोन-चार सेकंदांचा फरक.

शेवटी २४० जीबीची एसएसडी घेतली. "जुनी डिस्क फेकू नका," पोरगा म्हणाला. "कॅडीत टाकून देतो. डीव्हीडी कोन पाह्यते आता?" कॅडी म्हणजे डीव्हीडी रायटरच्या मापाची एक पत्र्याची चौकट. मापं दोन येतात, साडेनऊ मिलिमीटर आणि १२.७, आपला रायटर मोजूनच घ्यायची. तळाचा एकच स्क्रू काढला आणि डीव्हीडी रायटर ड्रॉवरसारखा अख्खा बाहेर सरकला! मग बॅटरी काढली, पाठीचं झाकण उघडलं. दहा वर्षांची धूळ, पंख्यात कापसाचा पुंजका. अकोला आहे, कापूस कुठे नसेल? ब्रशने ते सगळं साफ केलं. जुनी डिस्क तिच्या पत्र्याच्या कोंदणातून सोडवली, नवी त्याच कोंदणात बसवली, आणि इंग्रजी एल आकाराच्या दोन खाचांत सरळ सरकवली. खट्! बस एवढंच. नवी मुख्य जागेवर, जुनी कॅडीत. उलटं करायचं नाही, कारण बऱ्याच लॅपटॉपांत डीव्हीडीकडची वाट संथ असते.

मात्र कॅडी त्याने लगेच लावू दिली नाही, आणि का ते मला फार आवडलं. विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल तर विंडोज बसतं नव्या एसएसडीवर, पण चालू होण्याच्या फाइली कधीकधी जुन्या डिस्कवरच्या कप्प्यात जाऊन बसतात. पुढे ती डिस्क काढली किंवा बिघडली की नवं विंडोज उठतच नाही! म्हणून आधी एसएसडी एकटी. पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकलं. लायसनची मला धास्ती होती, पण ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. इंटरनेट लागलं आणि आपोआप ॲक्टिव्हेट झालं. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवायचाही रस्ता आहे, त्याला क्लोनिंग म्हणतात. पण १ टीबी २४० जीबीत बसवायची तर आधी आवराआवर आली, आणि दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कोण नेणार? मग बंद करून कॅडी लावली, बायोसमध्ये जाऊन बूट होण्याच्या क्रमात एसएसडी पहिली केली. सी ड्राइव्ह नवा, आणि डी ड्राइव्हवर माझ्या सगळ्या पत्रिका जशाच्या तशा.

बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं. ठिपके फिरायला लागले न लागले तोच पासवर्डाचा चौकोन! मी पासवर्ड टाकला, आणि सवयीने खुर्ची मागे सारून उठले, कारण या वेळात मी एरवी कुकर लावून यायचे. पोरगा हसला. डेस्कटॉप समोर होता. नुसता चित्रापुरता नव्हे, खरा. क्लिक केलं की उघडत होतं! क्रोम उघडलं, बंद केलं, परत उघडलं. फॉन्ट सगळे टाकले आणि कोरलवर दोनदा टिचकी मारली. हजेरी संपली पण! मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "चालू झालं का व? मंग एवढी काहून वरडतं?" त्यांना काय सांगू, की हे आत्ता नव्हे, केव्हाच चालू झालं आहे!

आमच्या गावात या चालू होण्याला वेगळीच किंमत आहे. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो सरळ विजेवर चालतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लाईट जाते, येते, जाते. मृगाचा पहिला वारा सुटला की पुन्हा तेच. दर वेळी सगळं बंद आणि पहिल्यापासून सुरुवात. एका दुपारी असं तीनदा झालं की माझा दिवसच बुडायचा. आता लाईट आली की मी गिऱ्हाइकाशी बोलत-बोलतच परत कामावर. अर्थात लिहिणं चालू असताना वीज जाणं एसएसडीलाही बाधतं, स्वस्तातल्या तर जास्तच, त्यामुळे इन्व्हर्टरला पर्याय नाही. प्रेसवर लॅपटॉप नेताना आपल्या रस्त्यांवर गाडी जी आदळते तिची धास्ती मात्र निम्मी कमी झाली. नॅनोमीटरवर तरंगणारं डोकं आता फक्त डी ड्राइव्हमध्ये आहे, आणि डीवरचं सगळं दुसरीकडेही ठेवलेलं आहे.

सगळ्याच गोष्टी सुधारल्या नाहीत, तेही सांगते. मोठे फोटो असलेल्या अहवालाची पीडीएफ व्हायला जवळजवळ पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते प्रोसेसरचं काम. इंटरनेट आहे तसंच. ४ जीबी रॅम अपुरीच आहे, फक्त ती भरल्यावर पूर्वी यंत्र गोठायचं, आता किंचित अडखळतं. पोरगा म्हणाला होताच, "रॅम मंग टाकू, पयले एसएसडी." शिवाय इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या. नोंदणी केली तर वर्षभर वाढीव मिळतात. त्यानंतर बँकेची कामं मी यावर करणार नाही, आणि कदाचित लिनक्स मिंटही टाकून पाहीन. तीही या एसएसडीवर उडेल! पण फॉन्टवाल्यांची सॉफ्टवेअरं विंडोजचीच, तेव्हा पत्रिका इथेच.

"पण म्हणे एसएसडी झिजते?" हा प्रश्न हमखास येतो. झिजते. दर लिहिण्यागणिक त्या कप्प्याचं वेष्टण थोडं-थोडं खराब होतं. म्हणून कारभारी चिप सगळ्या कप्प्यांना आळीपाळीने वापरते. पण आकडा तर पाहा: क्रुशियलच्या बीएक्स-५०० मालिकेत २४० जीबीच्या डबीला ८० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा दिलेली आहे. रोज २० जीबी लिहिलं, आणि मी त्याच्या पाव भागही लिहीत नाही, तरी अकरा वर्षं जातील. डीफ्रॅगमेंट मात्र करू नका, तिथे काही गोळा करून जवळ आणायचं कारणच नाही. धोका वेगळा आहे. हार्ड डिस्क मरताना टकटक करते, रडते, चार दिवस देते. एसएसडी बहुधा न सांगता जाते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणं जवळपास अशक्य, कारण विंडोज ती जागा मोकळी झाल्याचं तिला लगेच कळवतं आणि ती कप्पे साफ करून टाकते. त्यामुळे गिऱ्हाइकांचं काम माझ्याकडे दोन जागी असतं.

आता माझा डोळा अमरावतीवर आहे. राजापेठेत भावाकडे आठव्या पिढीचा लॅपटॉप आहे, विंडोज ११ चालणारा, आणि तोही तबकडीवर कण्हतोय! फोनवर त्याच्याकडून पाठीचं झाकण उघडून घेतलं, फोटो मागवला. आणि काय सांगू, आत एम-टूची, म्हणजे पट्टीच्या आकाराच्या एसएसडीची, खाच कोरी, रिकामी! कंपनीने जागा ठेवलेली आणि वर्षानुवर्षं कोणी पाहिलीसुद्धा नाही. खाच साटाची आहे की एनव्हीएमईची, हे मॉडेल नंबरवरून पक्कं केल्याशिवाय घ्यायची नाही, दोन्ही दिसायला सारख्याच आणि दुकानदार परत घेत नाही. पट्टी २२ बाय ८० मिलिमीटरचीच लागेल, तेवढ्या अंतरावर स्क्रूचं भोक दिसतंय. फक्त तो बारीकसा स्क्रू तिथे नाही. भाऊ म्हणतो, "ताई, चालू राह्यलं ना ते, तू काहून खोलाले येतं?" मी त्याला सांगितलं, स्क्रू मी इकडून आणते, तू फक्त रविवारी कुठे जाऊ नकोस.